बंदिस्त पक्ष्यांतील अंतःप्रजनन: वंशावळीने जोड्या, जनुकांची चाळण की बाहेरचे पक्षी?

मोजक्या पक्ष्यांपासून सुरू झालेल्या संवर्धन-प्रजननात काही पिढ्यांनी नात्यातल्या जोड्या, म्हणजेच अंतःप्रजनन, अटळ होतात. सख्ख्या भावंडांच्या पिलांचा अंतःप्रजनन गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) ०.२५ भरतो, घातक अप्रभावी जनुक (एकच प्रत असताना परिणाम न दाखवणारे) दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन अंडी वाया जातात आणि पिले दगावतात. अशा वेळी व्यवस्थापकापुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग वंशावळीचा. ज्या पक्ष्याचे उरलेल्या समूहाशी सरासरी नाते सर्वांत कमी, त्याला प्रजननात प्राधान्य द्यायचे. यामुळे जनुकीय वैविध्याची गळती मंदावते, पण गेलेले वैविध्य परत येत नाही: परिणामकारक संख्या (प्रजननात प्रत्यक्ष वाटा उचलणाऱ्या पक्ष्यांची हिशेबी संख्या) ५० असेल, तर दर पिढीला सुमारे १ टक्का घट होतच राहते. शिवाय कागदावर जुळलेली जोडी पिंजऱ्यात जुळेलच असे नाही. कॅलिफोर्निया काँडोर या अमेरिकी गिधाडाचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९८७ मध्ये अखेरचा मुक्त पक्षी पकडला गेला तेव्हा एकूण २७ पक्षी उरले होते, आणि आजची सारी प्रजा त्यांतल्या १४ मूळ पूर्वजांची आहे. अंड्यातच भ्रूण मारणारा, हाडांची वाढ खुंटवणारा विकार त्यांच्यात आढळला; परंतु सर्व वाहकांना (विकाराच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या, स्वतः निरोगी पक्ष्यांना) प्रजननातून वगळले असते, तर त्यांच्याकडील इतर दुर्मिळ जनुकेही गेली असती, म्हणून दोन वाहकांची जोडी टाळण्यावर भर देण्यात आला. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

दुसरा मार्ग, म्हणजे मुद्दाम अंतःप्रजनन करून घातक जनुके चाळून काढणे, ऐकायला आकर्षक आहे. न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटावरील काकापो या न उडणाऱ्या पोपटांमध्ये हानिकारक उत्परिवर्तने अपेक्षेपेक्षा कमी सापडली, हे खरे. मात्र त्यामागे हजारो वर्षांचा एकांतवास आहे. लहान बंदिस्त समूहात सौम्य हानिकारक जनुके निघून न जाता कायमची रुजण्याचीच भीती अधिक. हा मार्ग मी सुचवणार नाही.

तिसरा मार्ग नवे रक्त आणण्याचा. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ग्रेटर प्रेअरी चिकन हे गवताळ प्रदेशातले रानपक्षी बंदिस्त नव्हते, तरी पुरावा ठोस आहे: १९९२ पासून इतर राज्यांतले पक्षी आणून सोडल्यावर घसरलेले अंडी उबण्याचे प्रमाण पुन्हा ९० टक्क्यांवर गेले. दीर्घकाळ वेगळ्या पर्यावरणात वाढलेले गट मिसळल्यास संतती दुबळी निघू शकते आणि रोगही येऊ शकतात. म्हणून जवळचा गट निवडावा आणि विलगीकरण पाळावे. असे पक्षी मिळत असतील, तर वंशावळीच्या जोडीने हाच मार्ग घ्यावा. हवाई बेटांवरील कावळ्यासारख्या, अन्यत्र कुठेच न उरलेल्या जातीला मात्र वंशावळीवरच विसंबावे लागते.

निवड करताना पिंजऱ्यातील जगण्याच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण आयते अन्न आणि औषधोपचार अंतःप्रजननाचे बरेच दुष्परिणाम झाकून ठेवतात. न उबलेली अंडी फोडून बलकावरील पडदा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. शुक्राणू पोहोचलेच नसतील, तर आधी जोडीदार बदलून पाहावा. भ्रूण सुरुवातीलाच मरत असतील आणि तेही जवळच्या नात्यातील जोड्यांमध्ये, तर नव्या पक्ष्यांची मागणी लांबवू नये.