नकलेची नक्कल, ९० पौंडांना

खोटं नाणं खरं म्हणून गळ्यात मारतात, हे ऐकून होतो. मला ते नक्कल म्हणून सांगूनच विकलं, तरीही मी फसलो.

लंडनजवळच्या एका नाणी-मेळ्यात टेबलामागच्या गृहस्थाने माझं आडनाव विचारलं आणि मागच्या डबीतून चांदीचं नाणं काढलं. रोमन सम्राट ऑगस्टसचा डेनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं. मागे त्याचे दत्तक मुलगे गायस आणि लुशियस उभे, मध्ये ढाली-भाले. "हे रोमचं नाही बरं का, तुमच्या भारतात त्या काळी पाडलेली नक्कल आहे." आता असा प्रकार खरोखरच आहे. इ.स.पू. २ च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीत सुरू झालेली ही नाणी व्यापारात दक्षिण भारतात पोचली, तिथे त्यांच्या नकलाही निघाल्या. आपल्या मराठवाड्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृती सापडल्यात. मी विरघळलो. ९० पौंड मोजले.

मेख 'नक्कल' या शब्दातच होती. अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या? पाडणाऱ्याला लॅटिन येत नसेल. वजन कमी? असणारच. युरोपातल्या प्राचीन केल्ट टोळ्यांनी मॅसिडोनचा राजा फिलिप याचं सोन्याचं नाणं उतरवताना रथाच्या घोड्यांचे सुटे तुकडे करून टाकले होते, हे वाचलेलं. त्यामुळे बेढबपणा मला चक्क पुरावाच वाटला! एरवी ज्या गोष्टींवरून खोटं नाणं ओळखतो, त्या सगळ्या मीच माफ केल्या.

दोन महिन्यांनी त्याच विक्रेत्याच्या यादीत 'दुसऱ्या' नाण्याचा फोटो दिसला. ऑगस्टसच्या हनुवटीखाली, कडेला, तीच तिरकी भेग. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण चकती दर वेळी वेगळी पसरते, वेगळ्या जागी फाटते. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन कड पुसली. जुनेपणाचा काळा थर बोळ्यावर आला आणि खाली कानशीचे चकचकीत ओरखडे. भिंगातून पाहिलं तर भाल्यांच्या मधल्या खोलगटात बारीक गोल खळगे होते. वितळलेल्या धातूतले बुडबुडे. म्हणजे दोन्ही नाणी ठोकलेली नव्हती, एकाच नमुन्यावरून साच्यात ओतलेली होती. घेण्याआधी मी ऑगस्टसचा चेहराच न्याहाळला होता, कड एकदाही फिरवून पाहिली नव्हती.

पैसे परत मागितले, तर त्याने पावती वाचायला सांगितली. 'डेनारियस, ऑगस्टस प्रकार, नक्कल.' 'प्राचीन' हा शब्द त्याने तोंडी दहा वेळा उच्चारला असेल, कागदावर एकदाही नव्हता.