ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स: गाणं ऐकणाऱ्याच्या नजरेतून, उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

उन्हाळा सरता सरता हा हेडफोन घेतला, आता बेळगावात थंडी पडलीय आणि तो अजून रोज कानावर असतो. तारेचा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद. मला पाच हजारांच्या आत मिळाला. एवढे महिने वापरून ठामपणे सांगतो, ज्याला निवांत बसून गाणं ऐकायचंय त्यानं या किमतीत ब्लूटूथच्या मागे लागू नये. ब्लूटूथ हेडफोनच्या किमतीत बॅटरी, चिप, माइक असं सगळंच येतं, मग खुद्द आवाजाच्या वाट्याला पैसे कमी उरतात. शिवाय बॅटरी काही वर्षांत दमते. तारेच्या हेडफोनला हे दुखणंच नाही.

मी काय ऐकतो हे सांगायला हवं, कारण निवड त्यावर ठरते. आमच्या सीमाभागात बऱ्याच घरांत सकाळी पुरंदरदासांची कन्नड पदं आणि संध्याकाळी तुकोबांचे अभंग लागतात. भीमसेनजींनी दोन्ही गायले, त्यामुळे कित्येकदा गळाही एकच असतो. त्याशिवाय मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व. कुमारजींचा जन्म तर इथल्याच सुळेभावीचा, १९२४ चा. म्हणजे गळा, तंबोरा, तबला, पेटी. या गाण्याला धमधम बेस मारक ठरतो. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज (सा) पुरुषाच्या गळ्यात साधारण १३९ हर्ट्झला येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. बेस फुगवलेले स्वस्त हेडफोन नेमका हाच पट्टा वर उचलतात. मग डग्गा आणि खर्ज मिळून गायकाच्या अंगावर येतात आणि शब्द दबतात.

खडेबाजारातल्या दुकानात सगळ्यांना ऐकवायला एक ठरलेलं दणदणीत गाणं होतं. त्यावर प्रत्येक हेडफोन भारीच वाटतो. मी फोनमध्ये कुमारजींचं एक निर्गुणी भजन उतरवून नेलं होतं, तेच एकामागून एक तीन-चार हेडफोनांवर लावलं. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "अण्णा, घाई नको, बसून ऐका की." एम२०एक्सवर लावल्याबरोबर तंबोऱ्याची जवारी सुटी झाली. तार छेडल्यावर आधी मूळ स्वर आणि मग त्यातून वर उलगडत जाणारी ती झिणझिण, दोन्ही वेगवेगळं कळत होतं. क्षयाच्या आजारानंतर कुमारजी जवळजवळ एकाच फुप्फुसाच्या बळावर गायले. त्यांच्या छोट्या छोट्या स्वरवाक्यांच्या मधे घेतलेला श्वास इथं स्पष्ट ऐकू येतो. तिथंच ठरलं, हाच घ्यायचा.

आत ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर आहेत आणि रोध ४७ ओमचा, त्यामुळे साधा फोनही आरामात चालवतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. मधला पट्टा, म्हणजे माणसाचा गळा आणि पेटी, हे याचं बलस्थान. वरच्या सप्तकाकडे आवाज मऊ आहे. भजनातले टाळ टोचत नाहीत, तासभर ऐकलं तरी कान थकत नाहीत. सतारीची झळाळी ज्याला अगदी पुढ्यात हवी असेल त्यानं दुसरेही ऐकून बघावेत. वजन १९० ग्रॅमच्या आसपास, डोक्याला भार होत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल थोडं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरचं गाणं मोनो असतं, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, त्यामुळे हेडफोनवर गायक थेट डोक्याच्या मधोमध बसलेला वाटतो. सवय नसेल तर सुरुवातीला विचित्र वाटेल. तबकडीची खरखर चांगला हेडफोन झाकत नाही, उलट दाखवतो. म्हणून कुणीतरी तिसऱ्यांदा कॉपी करून नेटवर टाकलेलं गाणं लावून हेडफोनला नावं ठेवू नका. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा वरचा निवडा, फरक लगेच कळतो.

तार ३ मीटर लांब आहे आणि कपातून निघत नाही. टेपरेकॉर्डरपासून लांब आरामखुर्चीत बसणाऱ्याला ही सोय आहे, निपाणीच्या बसमध्ये मात्र मांडीवर वेटोळं घेऊन बसावं लागतं. बसप्रवासाला माझा जुना नेकबँडच बरा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचं डोंगल लागेल, आणि तिथं दहावीस रुपये वाचवू नका. काही डोंगलांत डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी चिप असते, काहींत नुसती तार. नुसत्या तारेचं डोंगल बऱ्याच फोनांवर चालतच नाही. मी आधी गल्लीतल्या दुकानातून विनाछापाचं घेतलं होतं, त्यात शांत जागी सूंऽऽ असा आवाज यायचा. चिपवालं घेतलं आणि तो गेला.

पावसाळ्यात जपावं लागतं. आपल्याकडे जूनपासून भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि कानावरच्या गाद्या नकली चामड्याच्या. ऐकून झालं की कोरड्या कापडानं घाम पुसायचा, बंद कपाटात कोंबायचा नाही, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. माझ्या गाद्या अजून धड आहेत.

मागून बंद असल्यानं रस्त्यावरचा गलका बराच अडतो, म्हणून आवाज कमी ठेवूनही भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. गणपतीतल्या डॉल्बीचा ठोका मात्र कुठलाच साधा हेडफोन अडवत नाही, तो छातीतूनच ऐकू येतो. त्या दिवसांत आवाज वाढवत बसण्यापेक्षा ऐकणं सकाळवर ढकलावं.

दिवाळीत बाबांच्या कानाला लावून दिला. ते जन्मभर रेडिओवर सांगली आणि धारवाड ऐकत आलेले. बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "दुसरा तंबोरा जरासा उतरलाय बघ." मी परत लावून ऐकलं, खरंच उतरला होता. आता संध्याकाळी तो त्यांच्याकडेच असतो, आणि मी माझ्यासाठी दुसरा हाच घ्यायला खडेबाजारात सांगून ठेवलंय.