फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी: लांबच्या ट्रायलमध्ये की बेळगावातच?

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या ईजीएफआर या जनुकात बदल आहे) असा रिपोर्ट आला की डॉक्टरांच्या बोलण्यात जरा हुरूप येतो. चौथ्या स्टेजच्या पेशंटच्या घरच्यांना तो विचित्र वाटतो, पण कारण खरं आहे. या पेशंटसाठी नेमकी गोळी आहे. मग घरात वाद सुरू होतो. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांनी ट्रायलचं, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीचं, सांगितलेलं असतं, औषध नवं आणि फुकट. बेळगावचे डॉक्टर म्हणत असतात, कशाला लांब जाता, इथंच सुरू करू. आमच्या आप्पांच्या वेळी हा निर्णय माझ्यावर आला, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. मेंदूत गाठ आहे का, किडनी कशी आहे, म्युटेशन (जनुकातला बदल) नेमकं कुठलं आहे, यावर तुमचं गणित वेगळं पडू शकतं.

आमच्यासमोरची ट्रायल अशी होती: दोन्ही गटांना ओसिमर्टिनिब ही नेमकी गोळी मिळणार, त्यातल्या एका गटाला सोबत एक नवं औषध. कुठल्या गटात नाव जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे नशीब वाईट निघालं तरी ओसिमर्टिनिब पदरात पडणारच होतं, आणि ती गोळी साधी नाही. फ्लॉरा नावाच्या ५५६ पेशंटच्या अभ्यासात या गोळीवर निम्म्या पेशंटमध्ये आजार १८.९ महिने किंवा जास्त आटोक्यात राहिला, जुन्या गोळ्यांवर (जेफिटिनिब किंवा अर्लोटिनिब) १०.२ महिने. आयुष्याचा हिशेब ३८.६ विरुद्ध ३१.८ महिने. शिवाय ती मेंदूपर्यंत जास्त चांगली पोचते. २०२४ च्या बजेटमध्ये सरकारनं तिच्यावरचं सीमाशुल्क काढलं, तरी बेळगावच्या वडगावातल्या मागवाल्याच्या घराला ती दरमहा विकत घेणं झेपण्यासारखं नाही. त्यामुळे ‘फुकट’ या शब्दाला कुणी नाक मुरडू नये.

आणि ट्रायल म्हणजे माणसाचा उंदीर करतात, हे आमच्या गल्लीतलं मत मला पटलेलं नाही. २०१९ चे नियम बऱ्यापैकी कडक आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर) नोंद लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडून, आणि पेशंटला कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. संमतिपत्र तर चक्क मराठीत आलं, न मागता. सीमाभागातल्या माणसाची मराठीत सरकारी कागद मागण्यात हयात जाते, त्यामुळे आप्पांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चष्मा लावून वाचून काढलं. सही करताना ते खूश होते.

आता इथली बाजू. बेळगावात आम्हाला सांगितलेला उपाय जुन्या गोळीचा, पण नुसत्या गोळीचा नव्हे. रोज जेफिटिनिब, आणि दर तीन आठवड्यांनी पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. चार सायकलनंतर कार्बोप्लॅटिन बंद, पेमेट्रेक्सेड आणि गोळी चालू. ‘जुनी गोळी’ म्हटल्यावर मन खट्टू होतं, माझंही झालं. पण ही पद्धत आली कुठून ते बघा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात ३५० पेशंट घेऊन ट्रायल झाली. निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब, निम्म्यांना जेफिटिनिब आणि केमो. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. थोडक्यात, त्या वेळी आपल्यासारखेच लोक ट्रायलमध्ये गेले म्हणून आज बेळगावात बसून आपल्याला हा पर्याय मिळतोय. ट्रायलला नावं ठेवताना हे ध्यानात असावं.

१८.९ आणि १६ हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. पेशंट वेगळे, देश वेगळे. फ्लॉरामध्ये हिंडते-फिरते पेशंटच घेतले होते, टाटाच्या ट्रायलमध्ये बरेच खंगलेलेही होते, साधारण पाचातला एक. तरी मला एवढं वाटलं की फरक जमीन-अस्मानाचा नाही. खर्चाचं म्हणाल तर जेफिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या आपल्या आवाक्यातल्या आहेत. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी समजावली. जेफिटिनिब थकल्यावर, म्हणजे त्याचा असर संपल्यावर, निम्म्याच्या आसपास पेशंटमध्ये टी७९०एम नावाचा बदल सापडतो, आणि त्यावर ओसिमर्टिनिब तेव्हाही चालतं. म्हणजे चांगलं पान हातात राखून खेळता येतं. याउलट म्हणणारेही आहेत, की दुसऱ्या डावापर्यंत सगळेच पोचत नाहीत, मग चांगलं पान आधीच का टाकू नये? त्यांचंही चूक नाही.

कागदावर इथवर पारडं ट्रायलकडंच झुकत होतं. ते फिरलं एका तापामुळं.

सही झाली होती, स्क्रीनिंगच्या (ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या) तपासण्या चालू होत्या. ट्रायलच्या दवाखान्यातून परत येऊन आम्ही घरी होतो आणि रात्री आप्पांना थंडी वाजून ताप भरला, छातीत घरघर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, पेन उचललं, आणि ट्रायलची फाईल दिसल्यावर ते खाली ठेवलं. म्हणाले, मी नेहमीचं अँटिबायोटिक लिहिलं असतं, पण त्यातली काही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात, तुमची ती नवी गोळीही करते, आणि यांची ‘ही औषधं चालत नाहीत’ अशी यादी असते. आधी त्यांना विचारा. मी फोन लावला. बऱ्याच वेळानं ट्रायलच्या कोऑर्डिनेटरनं उचलला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, पेशंटला घेऊन या.

घेऊन या! रात्रीच्या वेळी, तापात, पाचशे किलोमीटर. घाटात स्लीपर बसमधल्या वरच्या बर्थवर दम लागलेला माणूस कसा झोपवायचा, हे त्या फोनवरच्या पोराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याचंही बरोबर होतं आणि आमच्या डॉक्टरांचंही. आप्पा मात्र त्या दोन बरोबरांच्या मधल्या बाकड्यावर शाल पांघरून बसून होते. शेवटी डॉक्टरांनी चालेल असं अँटिबायोटिक शोधून दिलं आणि ताप उतरला.

पुढं समजलं ते असं. ट्रायलमधला पेशंट कुठंही ॲडमिट झाला की ती ‘गंभीर घटना’ धरतात, चोवीस तासांत वर कळवावी लागते. मग इथल्या दवाखान्याकडून डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, रिपोर्टच्या प्रती गोळा करा. नियम पेशंटच्या भल्याचाच आहे. पण इथले दवाखाने दुसऱ्यांच्या ट्रायलचे कागद भरायला नाखूश असतात, आणि हे सगळं निस्तरायचं घरच्या माणसानं, दर वेळी. ठरलेल्या तारखांच्या फेऱ्या मी निभावल्या असत्या. बहुतेक ठिकाणी प्रवासभाडंही देतात. पण हा आजार तारीख बघून येत नाही. आम्ही संमती मागं घेतली. कुणी वाकडं बोललं नाही, हेही सांगायला हवं.

बेळगावातली बाजू गोड आहे असं नाही. टाटाच्या त्याच ट्रायलमध्ये केमोच्या गटात निम्म्या पेशंटना गंभीर त्रास झाला, नुसत्या गोळीच्या गटात पाव जणांना. तसं पाहिलं तर ताप, अशक्तपणा, पांढऱ्या पेशी उतरणं हे सगळं आम्ही निवडलेल्या बाजूलाच जास्त. केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासायचं, पेशींचे काउंट कमी आले की डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात या. आम्ही रिक्षानं परत घरी. हेच रात्रभर प्रवास करून गेल्यावर ऐकावं लागलं असतं तर? ताप आला तरी दवाखाना जवळ, डॉक्टरांना सगळं औषधपाणी माहीत, आणि ते स्वतःच्या हिमतीवर पेन चालवतात. त्रास जास्त पण जवळचा, हे मला त्रास कमी पण लांबचा यापेक्षा परवडलं. तुमच्या घरात धावपळीला माणसं जास्त असतील तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल.

जेफिटिनिबचं एक दुखणं कुणी आधी सांगत नाही. तोंडावर पुरळ येतं ते सगळे सांगतात. नखांच्या कडा चिरतात ते सांगत नाहीत. आप्पांचा जन्म मागावर गेला. बरं वाटायला लागल्यावर ते हौसेनं मागाजवळ जाऊन बसले, आणि तुटलेला धागा सांधायला गेले तर अंगठ्याच्या कडेत धागा अडकून रक्त आलं. आता मलम लावतात, सुती पट्टी गुंडाळतात, आणि सांधण्याचं काम धाकट्याला सांगतात. दुसरं, सकाळी उठून ॲसिडिटीची गोळी घ्यायची आपल्याकडं घरोघरी सवय आहे. ती जेफिटिनिबचा असर कमी करते, ओसिमर्टिनिबचं तसं नाही. चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि पेमेट्रेक्सेडसोबतची फॉलिक ॲसिडची रोजची गोळी, नऊ आठवड्यांनी बी-१२ चं इंजेक्शन, यात हयगय नको. किरकोळ वाटतात म्हणून नेमकी तीच राहून जातात.

तर मग ट्रायलला कुणी जावं? मेंदूत गाठी असतील तर मी ओसिमर्टिनिबसाठी जिवाचं रान करीन, मग ते ट्रायलमधून मिळो नाहीतर आणखी कुठून. मुलगा-मुलगी त्याच शहरात राहत असेल, पेशंटला महिनोन्महिने तिथंच ठेवता येत असेल, तर माझी सगळी तक्रार रद्द समजा. किडनीमुळं केमो झेपत नसेल, तरी ट्रायलचा विचार आधी करा. सही करण्याआधी त्यांना एवढंच विचारा, की रात्री अकराला बेळगावात ताप आला तर आमच्या डॉक्टरांनी काय द्यायचं आणि कुणाशी बोलायचं, ते लेखी देता का? डॉक्टर डॉक्टरांशी बोलायला तयार असतील तर निम्मं काम झालं. आम्हाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं, आणि सुचलं असतं तर कदाचित आज हा लेख उलटा लिहिला असता.

बाकी सीमाभागात राहून, एका माणसाच्या जिवावर धावपळ चालत असेल, पेशंट हिंडता-फिरता असेल आणि मेंदू स्वच्छ असेल, तर मी इथंच सुरू करा म्हणेन. आप्पांचं सध्या पेमेट्रेक्सेड आणि गोळी चालू आहे. पुढं गोळी थकली की आधी रक्तातून टी७९०एमची तपासणी, आणि त्याच दिवशी मी सीटीआरआयची साइट पुन्हा उघडणार आहे. हुबळी किंवा बेळगावात सेंटर असलेली ट्रायल निघाली तर पहिली तीच बघणार.