पॅनक्रियाज कॅन्सरची जीन टेस्ट: सॅम्पलला पैकीच्या पैकी, विकायच्या गप्पांना शून्य

काकांना पॅनक्रियाजचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी जीन टेस्ट सांगितली, म्हणून संभाजीनगरातल्या एका कलेक्शन सेंटरवर केली, नाव टाकत नाही. सॅम्पलचं काम चोख. पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, बायोप्सीचा ब्लॉक मात्र आम्हीच हॉस्पिटलातून सही करून आणला, गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा इवलासा चौकोन असतो तो, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका म्हणून त्यानं बजावलं, आपल्याकडचं ऊन म्हणल्यावर बरोबरच हाय.

घोळ विकताना करायलेत. "कॅन्सरची पूर्ण कुंडली निघते" म्हणून महागडं पॅकेज गळ्यात मारलं. रिपोर्ट म्हणजे इंग्रजीत जाडजूड पीडीएफ, वरच ठळक केआरएएस जी१२डी, म्हणजे केआरएएस नावाच्या जीनमधला एक बिघाड. आता ह्या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात ९० टक्क्यांहून जास्त पेशंटमधी केआरएएस बिघडलेलंच असतंय, बटण चालूवरच अडकतं आन पेशी वाढतच ऱ्हाते, त्यात नवल काय.

खरी गोम पुढंच हाय. ही टेस्ट डीएनएची अक्षरं वाचती, कोणतं जीन चालू अन् कोणतं बंद ते नाही. सीडीकेएन२ए हे वाढीला लगाम घालणारं जीन, काही पेशंटमधी अक्षरं धडधाकट असूनही मिथिलेशननं, म्हणजे डीएनएवर रासायनिक शिक्का बसून, बंद पडलेलं असतंय, ते साध्या पॅनलमधी, म्हणजे ठराविक जीन एकदम तपासणाऱ्या टेस्टमधी, दिसतच नाही. तसंच गाटा-६ हे जीन. ते जोरात चालू असलं तर गाठीच्या पेशी मूळ वळण थोडंफार धरून ऱ्हातेत, बंद पडलं की गाठ जास्त आडदांड होती आन केमोला कमी दाद देती. त्याला आरएनएची (चालू जीनची पेशीत निघणारी नक्कल) नाहीतर दुसरी वेगळी तपासणी लागते. सेंटरवरच्या मॅडमला विचारलं तर "सर, सगळं कव्हर आहे". कशाचं कव्हर!

काउन्सेलर ताई मात्र लई भारी, फोनवर मराठीत नीट समजावलं. बीआरसीए ह्या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीनचा बिघाड रक्तात, म्हणजे जन्मापासूनचा असला अन् प्लॅटिनमवाल्या केमोनं आजार आटोक्यात आला तर ओलापॅरिबची गोळी चालते, २०१९ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली तिला, आन मग भावंडांची, लेकरांची पण टेस्ट करावी लागती. काकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पोरांना नाही ना?" बीआरसीए निगेटिव्ह होतं.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन ताईंचे. करायची असली तर बीआरसीए अन् त्याच्याच जोडीचं पाल्ब२ जीन धरून रक्ताचं पॅनल अन् काउन्सेलिंग मिळून भाव विचारा, आन ब्लॉक परत मागून घ्या, पुढच्या तपासण्यांना लागतो. आमचा अजून त्यांच्याकडंच पडलाय, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे सर".