लोहाची गोळी की मॅग्नेशियमची?

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांच्या गप्पांत या दोन गोळ्या हटकून निघतात. माझं मत आधीच सांगतो: लोहाचा प्रश्न खरा आहे, मॅग्नेशियमचा बराचसा जाहिरातींनी फुगवलेला.

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन घटतं, स्नायूंना ऑक्सिजन कमी पोचतो आणि एरवी सहज जमणारा चढ जीव काढतो. घाम, पाय आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, बायकांची पाळी... गळती चहूबाजूंनी. भारतीय शिफारशीनुसार रोज पुरुषांना १९ आणि स्त्रियांना २९ मिलिग्रॅम लोह लागतं. तरी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासल्याशिवाय गोळी सुरू करू नये. जादा लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठतं. वेळही पाहावी. दमवणाऱ्या व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन, म्हणजे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक, वाढलेलं असतं आणि शोषण मंदावतं, म्हणून गोळी सकाळीच घेतलेली बरी. लिंबूपाण्यासोबत चालेल, चहा मात्र तासभर लांब. (शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळेच.)

मॅग्नेशियम घेतात ते पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून. धावताना येणारे गोळे त्याने थांबतात, याला भक्कम पुरावा नाही. स्वस्त गोळ्यांत बहुधा मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. ते शोषलं जातं कमी आणि पोट मात्र ढिलं करतं. शर्यतीच्या आदल्या रात्री तर हा प्रयोग नकोच! जेवणात बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाण्याची चटणी नेमाने असेल तर बाटलीची घाई कशाला? मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती उघडूही नये.