शनिवार उत्तम, रविवारची दुपार टाळावी : एका कुटुंब-शिबिराचा अभिप्राय

गेल्या महिन्यात पत्नीसह मी एका ख्रिस्ती कुटुंब-शिबिराला जाऊन आलो. ‘घरातील मत्सर आणि आत्मिक युद्ध’ हा शिबिराचा विषय होता; आत्मिक युद्ध म्हणजे सैतानाशी आणि दुरात्म्यांशी प्रार्थनेने दिलेला लढा. पुण्यापासून गाडीने अडीच तासांवर, डोंगरउतारावरच्या एका प्रार्थनागृहात शुक्रवारी संध्याकाळी ते सुरू झाले आणि रविवारी संध्याकाळी संपले. शुल्क माणशी २,२०० रुपये होते आणि चौदा कुटुंबे आली होती. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझी मुख्य तक्रार ज्या प्रसंगाबद्दल आहे तो एका पाहुण्या वक्त्याच्या हातून घडला, आणि तसे प्रसंग अलीकडे इतक्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) घडताना दिसतात की एकाच संस्थेच्या माथी खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. अशा शिबिराला नाव नोंदवण्याच्या विचारात जे असतील त्यांना काय मिळते आणि काय आधी विचारून घ्यावे हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

सोयींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढाच वेळ येत होते, पांघरूण घरून न्यावे. शनिवारी रात्रीचा मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी यांची चव मात्र अजून जिभेवर आहे. लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था असल्याचे पत्रकात छापले होते, पण ती फक्त दहा वर्षांखालील मुलांसाठी होती. त्याहून मोठी मुले आईवडिलांबरोबर सभागृहातच बसत असत. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

शनिवारची तिन्ही सत्रे ईश्वरविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी घेतली. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील, सैतानाशी लढण्यासाठी देवाने दिलेल्या शस्त्रसामग्रीचा उतारा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो, कारण रविवारच्या शाळेत पुठ्ठ्याची ढाल आणि सोनेरी कागद चिकटवलेले शिरस्त्राण घालून प्रत्येकाने एकदा तरी रंगमंचावर उभे राहिलेले असते. बाईंनी तो उतारा दहाव्या वचनापासून वाचायला घेतलाच नाही. त्या आधीच्या अध्यायात मागे गेल्या आणि पतिपत्नी, मुले आणि आईबाप, दास आणि धनी या क्रमाने वाचत शस्त्रांपर्यंत आल्या. घरातले सगळे उंबरठे ओलांडून झाल्यावरच पत्रलेखक पौल कमरबंद आणि उरस्त्राण यांच्याकडे वळतो, ही गोष्ट चाळीस-पन्नास वर्षे तो उतारा ऐकूनही माझ्या लक्षात आली नव्हती. त्या पुढे म्हणाल्या की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही असे तेथे स्पष्ट लिहिले आहे, आणि जाऊ, नणंद, दीर, भावजय ही सगळी रक्तामांसाची माणसे आहेत. म्हणजे शत्रूच्या यादीतून ती लढाई सुरू होण्याआधीच वगळली गेली आहेत. सभागृहात थोडे हसू पिकले, पण ज्या बाकावर दोन जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या तेथे ते पोहोचले नाही.

दुसरे सत्र उत्पत्तीच्या पुस्तकावर होते. मत्सराचा पहिला खून भावाने भावाचा, काइनाने हाबेलाचा केला, आणि त्या चौथ्या अध्यायात सैतानाचे रूप मानला जाणारा सर्प कुठेही नाही, याकडे बाईंनी लक्ष वेधले. काइनाला देव सांगतो की पाप दाराशी टपून बसले आहे, त्याची तुझ्यावर नजर आहे, पण तू त्याच्यावर ताबा चालवला पाहिजे. म्हणजे श्वापद दाराबाहेर आहे, आणि दाराची कडी काइनाच्या हातात आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात राग सूर्यास्तापलीकडे बाळगू नका आणि सैतानाला वाव देऊ नका असे एका दमात म्हटले आहे, तेही याच अर्थाने. सैतान आहे, तो मत्सराचा फायदा उठवतो, पण वाव देणारे आपणच असतो. गलतीकरांस पत्रात मत्सर आणि हेवा ही नावे ‘देहाच्या कर्मां’च्या यादीत येतात, दुरात्म्यांच्या नव्हे. उलट बाजूही बाईंनी झाकली नाही. याकोबाच्या पत्रात कडू मत्सरातून येणाऱ्या शहाणपणाला सैतानी म्हटलेले आहे, आणि तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मत्सरावर एक स्वतंत्र प्रबंध लिहून सैतानाचे पतनच मत्सरातून झाले असे मांडले होते. या दोन धाग्यांची गाठ कशी बसते हे त्यांनी सोपे करून सांगितले नाही, आणि मला ते आवडले.

थोडे इतिहासाचेही बोलणे झाले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला ग्रासणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी केली तीत मत्सराला स्वतंत्र जागा नव्हती. ती सहाव्या शतकात पोप ग्रेगरी पहिला याने दिली. एकांतात राहणाऱ्या माणसाला भाऊबंदकी नसते, असे मी पत्नीच्या कानात पुटपुटलो आणि कोपरखळी खाल्ली. प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनने पाहिलेल्या तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र सर्वांना लागली. अजून बोलताही न येणारे ते मूल, त्याच दुधावर वाढणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे फिकट चेहऱ्याने, कडवट नजरेने पाहत होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका तरुण आईने मांडीवरचे मूल नकळत दुसऱ्या बाजूला घेतले.

बापाचा लाडका म्हणून योसेफाला मिळालेल्या पायघोळ झग्याबद्दल बोलताना बाई त्याच्या भावांवर फार थांबल्या नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाला वीस रुप्याच्या नाण्यांना विकणारे भाऊ दोषी आहेतच, पण झगा शिवला कोणी, असे त्यांनी विचारले आणि सभागृहातल्या आईबापांकडे पाहिले. तुमच्या घरात झगा कोणाच्या अंगावर आहे हे मुलांना ठाऊक असते, असे त्या म्हणाल्या. माझे वडील खेड्यातल्या मंडळीत प्रचारक होते. मी थोरला, म्हणून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. धाकट्याच्या वेळी हातात चार पैसे होते, म्हणून तो शहरातल्या इंग्रजी शाळेत गेला. झगा म्हणावा तर एवढाच.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला पिवळट कागदाची एक चिठ्ठी मिळाली. ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव तीवर लिहायचे, चिठ्ठी कोणालाही दाखवायची नाही, आणि चाळीस दिवस रोज त्या माणसासाठी नेमके तेच मागायचे ज्याचा आपल्याला हेवा वाटतो. मी प्रथम बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचे नाव लिहिले. ते सोयीचे होते. मग चिठ्ठी फाडून दुसरी मागून घेतली आणि धाकट्या भावाचे नाव लिहिले. वडिलांची पेटी त्याच्याकडे गेली आहे. त्याच पेटीवर ते ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे म्हणत असत, भात्याला त्यांनी स्वतः लावलेला चामड्याचा तुकडा अजून तसाच आहे, आणि अखेरची सहा वर्षे वडील त्याच्याच घरी असल्यामुळे ती तेथे राहावी यात काही गैरही नाही. हे सगळे मला कळते आणि तरीही त्याच्या घरी गेलो की पेटीवर टाकलेले भरतकामाचे कापड माझ्या डोळ्यांत खुपते. आज एकोणिसावा दिवस आहे. पेटी त्याच्याच घरी राहो आणि त्याच्या मुलाच्या हातून वाजो, असे मी रोज सकाळी दात-ओठ खाऊन म्हणतो. शुल्काचे पैसे या एका चिठ्ठीत वसूल झाले असे माझे मत आहे.

प्रश्नोत्तरांत दृष्टीचा विषय निघाला, तो निघणारच होता. मार्कच्या शुभवर्तमानात माणसाच्या अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट गोष्टींची जी यादी आहे तीत जेथे मत्सर अभिप्रेत आहे तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘वाईट डोळा’ असे शब्द आहेत, ही माहिती बाईंनी दिली. आपल्याकडे दृष्ट दुसऱ्याची आपल्याला लागते. येशूच्या बोलण्यात तो डोळा आपला स्वतःचा असून तो पाहणाऱ्यालाच विटाळवतो. माझी आई एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणून झाल्यावर स्वयंपाकघराचे दार लोटून घेत असे आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकत असे. तडतड आवाज ऐकू आला की वडील वर्तमानपत्र किंचित वर धरत, एवढाच त्यांचा निषेध असे.

रविवारी सकाळची उपासना नेटकी झाली. दुपारचे सत्र शहरातल्या एका स्वतंत्र मंडळीच्या सेवकांकडे (पाळकांकडे) होते आणि पत्रकात त्याचे नाव केवळ ‘सुटकेची प्रार्थना’ एवढेच होते. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढला, एकेका कुटुंबाला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवण्यास सुरुवात झाली. घरात कोणाचा मत्सर जाणवतो का, असे ते प्रत्येकाला विचारत होते. एका स्त्रीने रडत रडत सांगितले की थोरल्या जावेचे तिच्याशी पटत नाही, आणि घर घेतल्यापासून आजारपण सुटलेले नाही. सेवकांनी क्षणाचाही विलंब न लावता त्या जावेत ‘ईजबेलचा आत्मा’ असल्याचे जाहीर केले, तो येशूच्या नावाने बांधला, सासरकडचा पिढीजात शाप तोडला, आणि त्या बाईच्या हातचे काही खाऊ नका असा सल्लाही दिला. जाऊ शिबिराला आलेली नव्हती. तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी मात्र काका-काकूंबरोबर आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. शेजारच्या मुलींनी तिच्याकडे वळून पाहिले. ती उठून बाहेर गेली आणि चपला हातात घेऊन पायरीवर बसून राहिली; माझ्या पत्नीने तिला पाणी नेऊन दिले, ते तिने घेतले नाही.

येथे माझे भांडण भावनेशी नाही, शिकवणीशी आहे. शुभवर्तमानांत अशुद्ध आत्मे आहेत आणि ते निघूनही जातात. मी ते नाकारत नाही. पण ‘ईजबेलचा आत्मा’ हे शब्द पवित्र शास्त्रात कुठेही नाहीत. ईजबेल ही अहाब राजाची राणी, नाबोथाचा द्राक्षमळा हडपणारी, आणि प्रकटीकरणात थुवतीरा येथील एका स्त्रीला तिचे नाव दिलेले आहे, एवढाच काय तो आधार. पिढीजात शापासाठी निर्गमच्या विसाव्या अध्यायातले, बापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देण्याचे वचन पुढे केले जाते, आणि यहेज्केलाचा अठरावा अध्याय वाचला जात नाही. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे तेथे देव शपथेवर सांगतो. दुरात्म्यांना नावे, हुद्दे आणि मुलूख वाटून देणारी ही युद्धनीती विशेषतः १९९० च्या दशकात अमेरिकेत ख्रिस्ती लेखक पीटर वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकप्रिय केली. आपल्याकडे तिला तयार जमीन मिळाली, कारण करणी कोणी केली हे विचारण्याची सवय धर्म बदलल्याने सुटत नाही. फक्त देवऋषीच्या जागी सेवक येतो आणि लिंबाच्या जागी तेलाची बाटली. ती बाटलीही दाराशी १५० रुपयांना विक्रीस होती.

वसईकडून आलेले एक कॅथलिक कुटुंब जेवताना आमच्या पंगतीला होते. त्यांच्याकडे भूत काढण्याचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही, आणि त्याआधी आजाराची शक्यता तपासावी लागते, असे त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे अशी चाळणी नाही, ज्याच्या हातात माइक त्याचा अधिकार. शिवाय २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे किंवा तिला सैतान ठरवणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्या दुपारचा प्रकार कायद्याच्या कक्षेत बसतो की नाही हे वकील सांगतील. शनिवारच्या शिकवणीच्या कक्षेत तो निश्चितच बसत नव्हता. रक्तामांसाच्या ज्या बाईला सकाळी शत्रूच्या यादीतून वगळले होते, तिला दुसऱ्या दुपारी नावानिशी त्या यादीत घातले गेले, आणि आयोजकांपैकी कोणीही उठून उभे राहिले नाही. मीही राहिलो नाही.

पाचपैकी गुण द्यायचेच तर शनिवारला साडेचार देईन आणि संपूर्ण शिबिराला अडीच. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्याव्यात : पाहुणे वक्ते कोण आहेत, सुटकेची प्रार्थना जाहीर होते की खासगीत, आणि दहा वर्षांवरील मुले त्या वेळी कोठे असतात. शनिवारपुरती नोंदणी मिळते. तिचे शुल्क १,३०० रुपये आहे, हे मला निघताना कळले.

परतल्यावर मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले, दिलगिरी व्यक्त केली होती, आणि पुढील शिबिरात असे सत्र जाहीरपणे होणार नाही असे आश्वासनही होते. त्या मुलीच्या आईला कोणी भेटून आले का, असे मी उलट टपाली विचारले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.