गाळा घेताय? मेस्त्रीला दाखवायचा की इंजिनिअरला?

बेळगावात दुकानाचा गाळा किंवा निपाणीत तंबाखूची जुनी वखार बघायला जाताना आपण ओळखीच्या मेस्त्रीला गाडीवर मागे बसवतो. चहा पाजला की झालं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी ऐकली की नकोसं वाटतं. कुणाला न्यायचं, हे इमारत कशाची आहे त्यावर ठरवा.

बाजारपेठेतली जुनी जागा असेल, म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर मंगळुरी कौलं, तर माझं मत मेस्त्रीला. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तो हातोडीनं वाजवून बघतो. पावसाचं पाणी आणि वाळवी दोन्ही तिथंच लागतात, आणि पोकळ आवाज त्याच्या कानाला लगेच कळतो. भिंतीला पोट सुटलंय का, ते ओळंबा सोडून सांगतो. जन्मभर फक्त आरसीसी बघितलेला इंजिनिअर इथं चाचपडतो.

पंचवीस-तीस वर्षांच्या आरसीसी कॉम्प्लेक्समध्ये मात्र उलटं. विकायच्या आधी रंग मारलेला असतो, नजरेला काही दिसत नाही. आत सळई गंजून फुगत असते. ताजं प्लॅस्टर एखाद्या बीमच्या खालच्या अंगालाच दिसलं, तर का केलं ते विचारा. इथं यंत्रं लागतात. पण नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर दाबून उसळी मोजणाऱ्या यंत्रावर) काम उरकणाऱ्याला पैसे देऊ नका. हा हॅमर फक्त वरच्या थराचा कठीणपणा मोजतो, आणि जुनं काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वरून टणक झालेलं असतं, त्यामुळे आकडा फसवा चांगला येतो. सोबत अल्ट्रासॉनिक चाचणी हवी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगानं जातात ते मोजायचं: वेग जितका जास्त तितकं काँक्रीट चांगलं, सेकंदाला 3 किलोमीटरच्या खाली असेल तर शंकास्पद. शिवाय काँक्रीटचा छोटा तुकडा काढून तिथं फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकायला सांगा. गुलाबी झालं तर तिथं सळईचं संरक्षण शाबूत आहे. रंगच आला नाही आणि हा बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

गोकाक, अथणीकडच्या काळ्या मातीपुढे दोघंही एका फेरीत हतबल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मेस्त्री ‘प्लॅस्टरची फट’ म्हणून सोडून देईल. चांगला इंजिनिअर त्यावर काचेची पट्टी चिकटवून काही महिने थांबायला सांगेल; पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. विकणाऱ्याला ते आवडत नाही. नदीकाठची जागा असेल तर ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नको.

कागदपत्रांकडे दोघंही बघत नाहीत. खाते उतारा (मिळकतीच्या नोंदीचा उतारा), ईसी (जागेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला), मंजूर नकाशा वकिलाकडून वाचून घ्या. कन्नड आपल्याला बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना आपली बोबडी वळते. नकाशात पार्किंग असलेल्या जागी आज दोन गाळे उभे आहेत का, हे तेवढ्यातच कळतं.

बघायला जायचं ते जुलैत, धो-धो पाऊस चालू असताना, आणि इसार द्यायच्या आधी. मालक मार्चमध्ये बोलावतो; तेव्हा भिंती कोरड्या असतात. पहिल्यांदा गच्चीवर जा. किल्ली सापडत नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या, तपासणी दुसऱ्या दिवशी.